एका बटणावर वरून उतरणारं टर्मिनल: ग्वाके, याक्वाके आणि वेलँडचा घोळ

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

"एफ१२ दाबलं तर टर्मिनल खाली येईना" हा प्रश्न इथं वरचेवर येतो आणि प्रत्येक वेळी पाच जण पाच उत्तरं देतात. पाचही बरोबर असतात, फक्त डेस्कटॉप वेगवेगळे असतात. म्हणून सगळं एका धाग्यात टाकू.

टर्मिनल म्हणजे लिनक्सवर कमांड टाईप करायची खिडकी. ड्रॉप-डाऊन टर्मिनल म्हणजे एक बटण दाबलं की पडद्याच्या वरच्या कडेतून खाली येणारं आणि पुन्हा दाबलं की निघून जाणारं टर्मिनल. १९९६ च्या क्वेक गेममधल्या कन्सोलची ही तऱ्हा. ते बंद होत नाही, लपतं. आत चाललेलं काम चालूच राहतं.

काहीही बसवण्याआधी टर्मिनलमध्ये हे टाका (कमांड इथं देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थातच रोमनमध्ये, इको सोडून बाकी सगळी अक्षरं कॅपिटल):

इको $एक्सडीजी_सेशन_टाईप

उत्तर एक्स११ येईल किंवा वेलँड. लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या या दोन व्यवस्था, एक्स११ जुनी, वेलँड नवी. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. एक्स११ वर कुठलाही प्रोग्राम एक्स सर्व्हरला सांगू शकतो, की कुठलीही खिडकी समोर असली तरी हे बटण मला दे. ग्वाके (असं ड्रॉप-डाऊन टर्मिनल देणारा प्रोग्राम) तेच करतं. वेलँडवर ही मुभा नाही. बटण आधी कंपोझिटरकडे (खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) जातं, म्हणजे नोम डेस्कटॉपमध्ये म्युटरकडे, केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपमध्ये केविनकडे, आणि ते कुणाला द्यायचं हे तोच ठरवतो. त्यामुळं वेलँडवर ग्वाकेच्या प्रेफरन्सेसमध्ये एफ१२ कितीही वेळा नेमलं तरी फायरफॉक्स समोर असताना ते चालत नाही.

त्यात अजून एक गंमत आहे. जी खिडकी एक्सवेलँडवरून (वेलँडवर एक्स११ चे प्रोग्राम चालवणारी सोय) चालते ती समोर असेल तर तेच बटण चालतं. म्हणजे एका खिडकीत चाललं, दुसरीत नाही. लोक मग कीबोर्ड बदलायला निघतात.

ग्वाकेपुरता इलाज एकच: बटण डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये नेमायचं, टर्मिनलच्या सेटिंगमध्ये नाही.

मांजरातीर (लातूर)

उबुंटूसाठी पायऱ्या लिहितो. २१.०४ पासून उबुंटूत वेलँड हेच डिफॉल्ट आहे आणि २५.१० मध्ये लॉगिनच्या पडद्यावरचा 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' (म्हणजे एक्स११ वर) हा पर्यायच काढून टाकला. म्हणजे "एक्सऑर्गमध्ये लॉगिन करा, चालंल" हा जुना सल्ला आता नव्या आवृत्तीत उपयोगाचा नाही.

सुडो एपीटी इन्स्टॉल ग्वाके (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालवणं, एपीटी म्हणजे पॅकेज बसवणारी कमांड). स्पेलिंग जी-यू-ए-के-ई. एकदा मेन्यूतून ग्वाके सुरू करा, म्हणजे ते पाठीमागं चालू राहील.

मग सेटिंग्ज, कीबोर्ड, 'व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स', सगळ्यात खाली 'कस्टम शॉर्टकट्स', तिथं अधिकचं चिन्ह. नाव काहीही द्या. कमांडच्या रकान्यात ग्वाके-टॉगल (मधे डॅश, जागा नाही). 'सेट शॉर्टकट' वर जाऊन एफ१२ दाबा, 'अ‍ॅड' करा.

काही ठिकाणी कमांड म्हणून ग्वाके आणि पुढं -टी लिहिलेलं दिसेल. तेही चालतं, पण प्रत्येक वेळी पूर्ण पायथन प्रोग्राम उठवून संदेश पाठवला जातो. जुन्या मशीनवर टर्मिनल उतरायला लागणारा वेळ डोळ्यांना जाणवतो. ग्वाके-टॉगल थेट डी-बसवरून (प्रोग्रामांमधली निरोपाची वाट) सांगतं, म्हणून तेच वापरा.

आता महत्त्वाचं. डेस्कटॉपमध्ये एफ१२ नेमलं की ग्वाकेच्या आतलं एफ१२ काढून टाका. प्रेफरन्सेस, कीबोर्ड शॉर्टकट्स, पहिल्याच गटात ग्वाके दाखवणं-लपवणं आहे, त्यावर क्लिक करून बॅकस्पेस दाबा. हे राहिलं तर एकाच दाबण्यात दोनदा टॉगल होऊ शकतं: टर्मिनल लखकन दिसतं आणि गायब. "फक्त झबका दिसतो" अशी तक्रार आली तर नव्वद टक्के हेच समजा.

दुधना_४३१ (जालना)

वरच्या पायऱ्या करून खाली तर येतंय, पण टाईप केलेलं मागच्या ब्राउझरमध्येच जातंय. वर 'ग्वाके इज रेडी' अशी सूचना येऊन जाते. उबुंटू २४.०४, वेलँड. हे कामून?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

दुधना भाऊ, हा नोमचा फोकस-चोरी अडवण्याचा नियम आहे (टाईप केलेलं ज्या खिडकीत जातं तिच्यावर फोकस). तुम्ही एका खिडकीत टाईप करत असताना दुसरी खिडकी स्वतःहून पुढं आली तर नोम तिला फोकस देत नाही, नुसती सूचना देतो. कारण रास्त आहे: नाहीतर तुम्ही एका जागी पासवर्ड टाकताय आणि मधेच दुसरी खिडकी घुसली, तर पासवर्ड तिच्यात जाईल. ग्वाके मात्र त्यात विनाकारण सापडतं.

दोन वाटा आहेत. पहिली, 'स्टील माय फोकस विंडो' सारखं नोम एक्स्टेंशन (नोममध्ये बसवायची जोड) टाकायचं. ते सूचनेऐवजी सरळ फोकस देतं. पण ते सगळ्याच खिडक्यांना लागू होतं, हे ध्यानात ठेवा. दुसरी वाट मला जास्त पटते: नोम वेलँडवर ग्वाके सोडा आणि डीडीटर्म घ्या.

डीडीटर्म हे नोम शेलचंच (नोम डेस्कटॉपचा मुख्य प्रोग्राम) एक्स्टेंशन आहे, म्हणून बटण पकडणं, खिडकी वरच्या कडेला लावणं, फोकस देणं ही कामं ते शेलच्या आतून करतं. कस्टम शॉर्टकट वगैरे काही लागत नाही, एफ१२ आधीपासून नेमलेलं असतं. 'एक्स्टेंशन मॅनेजर' मधून शोधा. बसवल्यावर बटण दाबलं आणि काहीतरी पॅकेज कमी असल्याचा संदेश आला, तर बहुधा जीआयआर१.२-व्हीटीई-२.९१ हे पॅकेज नाही, एपीटीनं टाका. हातानं फाईल उतरवून बसवलं असेल तर वेलँडवर एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं, त्याशिवाय शेलला नवं एक्स्टेंशन दिसत नाही.

त्याचा तोटाही सांगतो. नोमची मोठी आवृत्ती बदलली की एक्स्टेंशन त्या आवृत्तीसाठी तयार होईपर्यंत बंद पडू शकतं. सर्व्हरचं काम त्याच टर्मिनलवरून चालत असेल तर अपग्रेडच्या आधी एक्स्टेंशनच्या पानावर नवी आवृत्ती लिहिलीय का ते बघून घ्या.

सिंदफणा (बीड)

ग्वाकेबद्दल एक भर. वेलँडमध्येसुद्धा ते स्वतःला एक्स११ च्या बाजूनंच, म्हणजे एक्सवेलँडवर चालवून घेतं. त्यामुळं डिस्प्ले स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के ठेवलं असेल तर अक्षरं धूसर दिसू शकतात. फॉन्ट बदलून फरक पडत नाही, उगं वेळ जातो. डीडीटर्म घ्या किंवा स्केल १०० वर ठेवून फॉन्ट मोठा करा.

आणि पिपनं (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) ग्वाके टाकू नका. एपीटीचं वेगळं, पिपचं वेगळं, अशा दोन प्रती झाल्या की डेस्कटॉप एक उठवतो आणि शॉर्टकट दुसरीला बोलावतो. विच -ए ग्वाके टाकून बघा, दोन ओळी आल्या तर एक काढा. डिस्ट्रोच्या (उबुंटूसारखी लिनक्सची तयार मांडणी) अपग्रेडमध्ये पायथन बदललं की पिपची प्रत हमखास मोडते.

तेरणाथडी (धाराशिव)

एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) वाल्यांनी वरचं काहीच करायची गरज नाही. जुन्या लॅबमधल्या ४ जीबी रॅमच्या मशीनवर बहुतेक झुबुंटू नाहीतर मिंट एक्सएफसीई असतंय, आणि त्यांच्या टर्मिनलमध्येच ही सोय आहे. वेगळं पॅकेज नको, पाठीमागं सतत चालणारा पायथन नको.

सेटिंग्ज, कीबोर्ड, 'अ‍ॅप्लिकेशन शॉर्टकट्स', अ‍ॅड. कमांड:

एक्सएफसीई४-टर्मिनल --ड्रॉप-डाऊन

बटण नेमा, झालं. तीच कमांड पुन्हा चालली की खिडकी लपते, पुन्हा चालली की येते. उंची, रुंदी, पारदर्शकपणा आणि उतरण्याचा वेग टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये 'ड्रॉप-डाऊन' टॅबवर. लॅबमध्ये मुलं पुस्तकातली कमांड बघून टाईप करतात, तिथं 'कीप विंडो ओपन व्हेन इट लूझेस फोकस' चालू ठेवा. नाहीतर पीडीएफवर क्लिक केलं की टर्मिनल लपतं आणि पोरं "सर, गेलं!" म्हणून ओरडतात.

पारदर्शकपणा दिला तरी काळंच दिसतंय असं असेल तर 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' मधला कंपोझिटर बंद आहे. मशीन फारच जुनं असेल तर तो बंदच राहू द्या आणि पारदर्शकपणाचा नाद सोडा.

गोदाकाठ (नांदेड)

केडीई प्लाझ्मासाठी याक्वाके. आतून ते केडीईचं नेहमीचं टर्मिनल 'कन्सोल' हेच आहे, म्हणजे कन्सोलचे प्रोफाइल, रंग, फॉन्ट जसेच्या तसे मिळतात. केविनशी त्याचं बोलणं आधीपासून असल्यामुळं एफ१२ वेलँडवरही न खटकता चालतं. दुसऱ्या कुणी तेच बटण घेतलं असेल तर प्लाझ्मा सरळ विचारतो, की काढून याला देऊ का. ही सभ्यता बाकी डेस्कटॉपनं शिकावी.

लॉगिनबरोबर सुरू व्हायला सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'ऑटोस्टार्ट' मधून याक्वाके जोडा. एकदाच जोडा. प्लाझ्मा मागच्या सत्रातले प्रोग्रामही परत उघडतो, म्हणून दोन ठिकाणाहून उठवायची गरज नाही.

स्क्रिप्टमधून चालवायचं असेल तर क्यूडीबसनं (डी-बसवरून निरोप पाठवणारी कमांड) ऑर्ग.केडीई.याक्वाके या सेवेवर /याक्वाके/सेशन्स या वाटेनं 'अ‍ॅडसेशन' आणि 'रनकमांडइनटर्मिनल' बोलावता येतं. प्लाझ्मा ६ वर काही डिस्ट्रोंत कमांडचं नाव क्यूडीबस६ आहे. "कमांड नॉट फाऊंड" आलं तर आधी तेच बघा.

कयाधू (हिंगोली)

एफ१२ वरच सगळे अडकलेत, पण अर्ध्या लॅपटॉपवर एफ१२ म्हणजे एफ१२ नसतंच. वरची रांग आवाज, उजेड, विमान मोड अशा कामांना दिलेली असते आणि खरं एफ१२ साठी एफएन धरावं लागतं. एफएन आणि एस्केप एकत्र दाबून ही रांग बऱ्याच लॅपटॉपवर उलटी करता येते. नाही झाली तर बायोसमध्ये 'अ‍ॅक्शन कीज' किंवा 'हॉटकी मोड' नावाची सेटिंग असते, ती बंद करा.

दुसरं, एक्स११ वर ग्वाकेनं एफ१२ घेतलं की ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स एफ१२ नं उघडत नाहीत. कंट्रोल-शिफ्ट-आय वापरा, तेच उघडतं. वेब शिकणाऱ्यांना एवढं सांगून ठेवा.

व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी समोर असताना बटण चालत नसेल तर ते आतल्या पाहुण्या सिस्टीमकडे जातंय. उजवं कंट्रोल एकदा दाबून कीबोर्ड सोडवून घ्या.

मांजरातीर (लातूर)

कयाधू, मग एफ१२ सोडून बॅकटिक, म्हणजे टॅबच्या वरचं बटण, सुपरबरोबर का नेमू नये? क्वेकमध्ये तेच होतं.

कयाधू (हिंगोली)

इंग्रजीत टाईप करणाऱ्यानं जरूर नेमावं. आपल्याकडं इनस्क्रिप्ट लेआउट चालू असतं, आणि त्यात त्या जागेवर बॅकटिक नसून मात्रा आहे. डेस्कटॉपनं शॉर्टकट पकडताना आधीचं इंग्रजी लेआउट बघितलं तर चालतं, प्रोग्राम स्वतः पकडत असेल तर भरवसा नाही. एफ१ ते एफ१२ कुठल्याही लेआउटमध्ये बदलत नाहीत. मराठी टाईप करणाऱ्यानं फंक्शन कीच धरावी. त्यातही एफ१ मदतीला आणि एफ१० मेन्यूला लागतं, एचटॉप आणि मिडनाइट कमांडरसुद्धा एफ१० नंच बंद होतात. म्हणून एफ१२, नाहीतर एफ९.

सिंदफणा (बीड)

लेआउटचा विषय निघालाच आहे तर खरी डोकेदुखी इथं आहे. मराठीत मेल लिहिताय, एफ१२ दाबलं, सुडोची कमांड वरच्या बाणानं परत आणली, एंटर मारलं. पासवर्ड मागितला. तुम्ही टाकला, पण लेआउट अजून मराठी. सुडो पासवर्ड पडद्यावर दाखवत नाही, बऱ्याच डिस्ट्रोंत एक टिंबसुद्धा नाही, त्यामुळं देवनागरी अक्षरं आत गेली हे कळायला वावच नाही. "सॉरी, ट्राय अगेन" दोनदा, तिसऱ्या चुकीला सुडो थांबतं, आणि माणूस पासवर्ड विसरलो की काय म्हणून घाबरतो.

प्लाझ्मात यावर नीट तोड आहे: सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स, 'स्विचिंग पॉलिसी', तिथं 'अ‍ॅप्लिकेशन' निवडा. याक्वाके इंग्रजीत राहतं, ब्राउझर मराठीत. एक्सएफसीईत पॅनेलवरच्या 'कीबोर्ड लेआउट्स' प्लगिनच्या गुणधर्मांत असंच 'पर अ‍ॅप्लिकेशन' मिळतं. नोममध्ये कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीला वेगळी इनपुट भाषा ठेवायचा पर्याय आहे, पण लपून परत आलेल्या खिडकीची भाषा त्याच्या लक्षात राहीलच असं धरून चालू नका. टर्मिनल उतरलं की वरच्या पट्टीवर नजर टाका, मराठी दिसलं तर सुपर-स्पेस.

दुधना_४३१ (जालना)

लाईट गेल्यावर टॅब परत मिळतात का? डेस्कटॉप पीसी आहे, इन्व्हर्टर नाही. ग्वाकेत 'रिस्टोअर' असं काहीतरी दिसलं.

गोदाकाठ (नांदेड)

ग्वाकेचं रिस्टोअर टॅबची नावं आणि प्रत्येक टॅब कुठल्या फोल्डरमध्ये होता एवढंच परत आणतं. आत चाललेला प्रोग्राम परत येत नाही. वीज गेली म्हणजे प्रक्रियाच मेली, ती कुठलंही टर्मिनल जिवंत करू शकत नाही.

टीमक्सचा (टर्मिनलमधलं काम वेगळ्या सत्रात चालू ठेवणारा प्रोग्राम) उपयोग कुठं होतो ते नीट समजून घ्या, कारण यात लई गैरसमज आहेत. टीमक्स तुमच्याच पीसीवर चालवलं तर ग्वाके क्रॅश झालं, टॅब चुकून बंद झाला, अशा वेळी आतलं काम वाचतं. वीज गेली तर नाही. पण काम दूरच्या सर्व्हरवर असेल, एसएसएचनं (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) आत जाऊन, तर टीमक्स त्या सर्व्हरवर चालवा:

टीमक्स न्यू-सेशन -ए -एस काम

यातला पहिला ए कॅपिटल आहे, एस लहान. 'काम' या नावाचं सत्र असेल तर त्याला जोडतो, नसेल तर नवं उघडतो. इकडं लाईट गेली, परत आली, पीसी सुरू झाला, एफ१२, एसएसएच, तीच कमांड, आणि जिथं होतं तिथून पुढं. पीसीवर उघडलेलं टीमक्स आणि सर्व्हरवरचं टीमक्स एकात एक घातलं तर कंट्रोल-बी बाहेरचं टीमक्स खाऊन टाकतं. आतल्याला पोचवायला ते दोनदा दाबावं लागतं. त्यापेक्षा पीसीवर टीमक्स उघडूच नका, ग्वाकेचे टॅब पुरे आहेत.

ग्वाकेच्या प्रेफरन्सेसमध्ये टॅब बंद करताना विचारण्याची सेटिंग आहे, ती 'प्रोसेस चालू असेल तर' अशी ठेवा. कंट्रोल-डी एकदा जास्त दाबलं गेलं तर मात्र ती वाचवत नाही, कारण तिथं शेल स्वतःच बाहेर पडतो.

तेरणाथडी (धाराशिव)

दोन पडदे वापरणाऱ्यांसाठी: प्रोजेक्टर जोडला की टर्मिनल भलत्याच पडद्यावर उतरतं. ग्वाकेत माऊस ज्या पडद्यावर आहे तिथं उघडायचा पर्याय आहे, तो चालू करा. वर्गात उलट लागतं: टर्मिनल कायम प्रोजेक्टरवरच हवं. तेव्हा तो बंद करून पडदा ठरवून द्या.

'रिफोकस' नावाचीही सेटिंग बघा. ती चालू असेल तर टर्मिनल उघडं पण फोकस दुसरीकडं असताना बटण दाबल्यावर ते लपत नाही, फोकस परत टर्मिनलवर येतो. शिकवताना फार सोयीची.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

स्वे (वेलँडवरचा, खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी मांडणारा कंपोझिटर) वापरणारे दोघं-तिघं आहेत इथं, त्यांच्यासाठी. वेगळा प्रोग्राम लागत नाही, स्क्रॅचपॅड (खिडकी लपवून ठेवायची जागा) पुरतं. कॉन्फिगमध्ये तीन गोष्टी: फूट टर्मिनल स्वतःच्या वेगळ्या अ‍ॅप-आयडीनं सुरू करा, त्या आयडीच्या खिडकीला फॉर_विंडोनं फ्लोटिंग करून स्क्रॅचपॅडमध्ये ढकला, आणि एफ१२ ला त्याच आयडीवर 'स्क्रॅचपॅड शो' बांधा. रुंदी १०० पीपीटी (पडद्याचे टक्के), उंची ४५ पीपीटी, मग 'मूव्ह पोझिशन ० ०'.

इथं चुकतात ते विरामचिन्हात. चौकटी कंसातली अट एकदा लिहून पुढच्या कमांड स्वल्पविरामानं जोडल्या तर अट सगळ्यांना लागू राहते. अर्धविराम टाकला की अट तिथंच संपते, आणि पुढची 'मूव्ह' समोर जी खिडकी असेल तिच्यावर चालते. एफ१२ दाबल्यावर ब्राउझरच हलायला लागला तर अर्धविराम शोधा.

टर्मिनल सुरू करायला 'एक्झेक' वापरा, 'एक्झेक_ऑलवेज' नको. नाहीतर कॉन्फिग रिलोड केलं की दरवेळी एक नवं टर्मिनल स्क्रॅचपॅडमध्ये साचतं. आय३ (स्वेसारखाच, पण एक्स११ वरचा) वर अ‍ॅप-आयडी नसतो, तिथं क्लास वापरावा लागतो. एक्सप्रॉप चालवून खिडकीवर क्लिक केलं की क्लास दिसतो.

किटी या टर्मिनलमध्ये आता 'क्विक-अ‍ॅक्सेस-टर्मिनल' नावाचं किटन (किटीतला छोटा जोड-प्रोग्राम) आलंय, ०.४२ पासून. स्वे आणि प्लाझ्मावर छान चालतं. नोम वेलँडवर नाही, कारण त्याला लागणारा लेअर-शेल प्रोटोकॉल (खिडकी पडद्याच्या कडेला चिकटवायची सोय) म्युटर देत नाही.

सिंदफणा (बीड)

शेवटी स्क्रोलबॅक, म्हणजे वर सरकून दिसणारा मागचा मजकूर. ग्वाकेत 'अनलिमिटेड' वर टिक करून आठवडाभर लॉग वाहू देणारे आहेत. ग्वाके, डीडीटर्म, एक्सएफसीईचं टर्मिनल या सगळ्यांच्या पोटात व्हीटीई (टर्मिनल दाखवणारी लायब्ररी) आहे, आणि व्हीटीई मागचा मजकूर /टीएमपी मध्ये फाईल करून ठेवतं. फाईल उघडल्या उघडल्या तिचं नाव पुसतं, त्यामुळं एलएस केलं तर काहीच दिसंना, पण डीएफ जागा भरल्याचं सांगतं. फेडोरात आणि डेबियन १३ मध्ये /टीएमपी रॅमवर असतं, म्हणजे तिथं थेट मेमरीच खाल्ली जाते.

सुडो एलएसओएफ +एल१ (एल कॅपिटल) टाका, नाव पुसलेल्या पण उघड्या फाईलींची यादी येते, त्यात ग्वाकेचं नाव सापडेल. तो टॅब बंद केला की जागा मोकळी. मर्यादा १०,००० ओळींची ठेवा, आणि लांबलचक लॉग असेल तर टी (स्पेलिंग टी-ई-ई) कमांडनं फाईलमध्ये वळवा.